पाक न पावणारा शोथ : जंतुविषे आणि पेशींची गती

व्रणशोथाची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याला पाकाची वाट पाहण्याची सवय असते. शोथ आम आहे, पच्यमान आहे की पक्व आहे, हे ठरवावे आणि त्यानुसार विम्लापन, उपनाह किंवा पाटन करावे, हा आपला शिरस्ता. त्यात चुकीचे काही नाही. परंतु काही शोथ असे असतात की ते पाक पावतच नाहीत. त्यांत पूय होत नाही आणि आपण वाट पाहत असताना रोगी मात्र हातचा निसटू लागतो. असे का घडते, याचे एक उत्तर आधुनिक जंतुशास्त्राने गेल्या काही दशकांत दिले आहे. काही जंतू आपल्या विषांनी शरीरातील रक्षक पेशींची हालचालच थांबवितात. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यास निमित्त झाले ते आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीच्या दिवसांत सुमारे पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी आमच्या चिकित्सालयात आले. मधुमेह दहा वर्षांचा, औषध अनियमित. दोन दिवसांपूर्वी घोट्याच्या वर पाचट लागून बारीकशी जखम झाली होती. पोटरीपर्यंत सूज होती. त्वचेचा वर्ण जवळजवळ प्राकृत, स्पर्श किंचित उष्ण, ज्वर अल्प. वेदना मात्र विलक्षण. "डॉक्टर, पायात कुणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटतंय," असे ते म्हणाले. आम्ही पाय पाहिला. लाली नाही, पूय नाही, स्थानिक ऊष्मा बेताचा. म्हणून आमशोथ समजलो. दशांग लेप घृतासह लावण्यास दिला, जवसाच्या पोटिसाने उपनाह सांगितला, पोटात त्रिफळा गुग्गुळ व गंधक रसायन दिले आणि दोन दिवसांनी दाखविण्यास सांगितले.

दुसऱ्याच रात्री त्यांचा मुलगा धावत आला. पोटरीवर जांभळट फोड उठले होते, रोगी गुंगीत होता, नाडी अतिशय द्रुत व क्षीण. तातडीने शहरातील शस्त्रकर्माची सोय असलेल्या रुग्णालयात पाठविले. त्याच रात्री पाय उघडण्यात आला. आत पूय नव्हते. भांडी धुतलेल्या पाण्यासारखा पातळ, करडा स्राव होता आणि स्नायूंवरील आवरण बोट घालताच सुटून येत होते. तीन वेळा मृत मांस काढावे लागले, पुढे त्वचारोपण झाले. दोन बोटे गेली, पाय व प्राण मात्र वाचले. शल्यचिकित्सक आम्हांस एवढेच म्हणाले, "पू दिसेपर्यंत थांबला असतात, तर आज हे बोलणं झालं नसतं."

ते वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळत राहिले. पूय का झाले नाही? आणि आम्ही वाचलेल्या शास्त्रात या प्रसंगाची काही सूचना होती की नव्हती?

सुश्रुतांनी काय सांगितले होते

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या, आमपक्वैषणीय अध्यायात आमशोथाची लक्षणे दिली आहेत: ऊष्मा मंद, वर्ण त्वचेसारखा, स्पर्श शीत, काठिण्य, सूज अल्प आणि वेदनाही मंद. पच्यमान अवस्थेत याउलट सुया टोचल्यासारख्या, मुंग्या चावल्यासारख्या, भाजल्यासारख्या नाना वेदना, वर्णबदल, ज्वर, दाह, तृष्णा व अरुची सांगितली आहे. वेदनेमागे वात, पाकामागे पित्त व पूयामागे कफ, अशी संगतीही तेथेच लावली आहे.

आता आमचा रोगी आठवावा. त्याची त्वचा आमाची होती, पण वेदना पच्यमानाची. मंदवेदना हे आमशोथाचे लक्षण त्याच्यात नव्हतेच. सहा लक्षणांपैकी डोळ्यांस दिसणारी व हातांस कळणारी तेवढी आम्ही मोजली आणि रोगी तोंडाने सांगत होता ते लक्षण सोडून दिले. याच अध्यायात पुढे आचार्यांनी असा इशारा दिला आहे की, कफज, गंभीर म्हणजे खोल गेलेल्या व काही आघातज शोथांत पक्वाची सर्व लक्षणे दिसत नाहीत आणि तेथे वैद्याचा मोह होतो. हा मोह आम्हांस झाला. दोष शास्त्राचा नव्हता, अर्धवट वाचणाऱ्याचा होता.

हे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. एकाच शरीरात, एकाच प्रकारच्या क्षतानंतर, एके ठिकाणी चार दिवसांत पूय होतो आणि दुसरीकडे होतच नाही, हे कसे? याचे उत्तर शोधण्यास पूय म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

पूय हा आलेल्या पेशींचा संचय

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पूयात मुख्यतः मृत व मरणोन्मुख श्वेतकण दिसतात, त्यांतही न्यूट्रोफिल नावाचे. अस्थिमज्जेत प्रतिदिनी सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. ते रक्तातून फिरतात आणि जेथे जंतूंचा प्रवेश झाला तेथे वाहिनीबाहेर पडून पोहोचतात. पूय झाला याचा अर्थ रक्षक तेथे पोहोचले, लढले आणि मेले.

पेशी स्वतः चालत जाऊन शत्रूला गाठते, ही कल्पना प्रथम मांडली ती रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. या कार्याबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी एक छोटे चित्रण केले. त्यात एक न्यूट्रोफिल तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढीत स्टॅफिलोकॉकस जंतूचा पाठलाग करतो व अखेर त्याला गिळतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे चित्रण अवश्य पाहावे. पेशी दिशा बदलते, वळते, पुन्हा मागावर लागते. पाहणारा थक्क होतो.

या प्रवासाचे टप्पे थोडक्यात असे. क्षताजवळील वाहिनीची आतील भिंत चिकट होते. वाहणारा श्वेतकण तिच्यावर घरंगळू लागतो, मग घट्ट चिकटतो व भिंतीतील फटीतून बाहेर सरकतो. बाहेर आल्यावर तो वासावर जावे तसा रासायनिक संकेतांच्या मागावर जातो. यांतील काही संकेत शरीर स्वतः पाठविते, जसे रक्तातील पूरक प्रथिनांपासून निघणारा 'सी५ए' हा तुकडा आणि 'इंटरल्यूकिन-८'. काही संकेत जंतूंच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे असतात. चोराच्या पाऊलखुणा म्हणाव्यात तसे. या मागावर न्यूट्रोफिल मिनिटाला सुमारे १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण आपल्या लांबीइतके अंतर कापतो.

चालण्याचे यंत्र पेशीच्या आत असते. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे सुटे कण जुळून तंतू बनतात. पुढच्या बाजूस तंतू वाढले की पेशीचा पडदा पुढे ढकलला जातो, जणू पाऊल पडते. मागील बाजूस तंतू आकुंचन पावून उरलेला देह ओढून घेतात. पुढे तंतू कधी वाढवावे व मागे कधी आकुंचावे, याचा हुकूम रॅक, सीडीसी४२ व ऱ्हो या लहान प्रथिनांकडून येतो. त्यांना पेशीच्या आतील कळा म्हणावे; कळ चालू झाली की हालचाल, बंद झाली की स्तब्धता.

या गतीवाचून पूय होत नाही याचा निसर्गानेच दिलेला पुरावा एका दुर्मीळ जन्मजात विकारात दिसतो. त्यात श्वेतकणांवरील चिकटण्याचे प्रथिन सदोष असते. अशा बालकांची नाळ गळण्यास विलंब होतो, वारंवार संसर्ग होतात, रक्तात श्वेतकणांची संख्या अतिशय वाढलेली असते आणि तरीही जखमेत पूय होत नाही. सैन्य भरपूर, पण छावणीतून बाहेर पडण्यास वाट नाही. हे उदाहरण ध्यानात ठेवावे, कारण जंतूंची विषे हेच चित्र निरोगी माणसात निर्माण करतात.

जंतू वाट कशी अडवितात

संकेत पुसणे, ही पहिली रीत. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस हा जंतू घशापासून त्वचेपर्यंत सर्वत्र आढळतो. तो अशी पाचक प्रथिने बाहेर टाकतो की त्यांपैकी एक सी५ए या संकेताचा व दुसरे इंटरल्यूकिन-८ चा छेद करते. वाटेवरील खुणाच पुसल्या गेल्यावर न्यूट्रोफिलांनी जावे कोठे? त्याच्या जोडीला पेशी फोडणारी विषे असतात. स्नायूंच्या आवरणाचा नाश करणारा जो घातक संसर्ग आमच्या रोग्यास झाला, त्याच्या अनेक रोग्यांत मांसाच्या तुकड्यात जंतूंची दाटी व न्यूट्रोफिलांचा अभाव दिसतो आणि असे चित्र असाध्यतेकडे झुकणारे मानले जाते. त्यासोबत लहान वाहिन्या गोठतात, मांसाचे पोषण तुटते, संज्ञावाही नाड्याही मरतात. म्हणून आरंभी असह्य असलेली वेदना नंतर अचानक नाहीशी होऊन तेथे बधिरपणा येतो. वेदना गेली म्हणून रोगी व वैद्य दोघेही सुटकेचा निःश्वास टाकतात; वस्तुतः ती आणखी खोल गेल्याची खूण असते.

ऐकणारे कान बंद करणे, ही दुसरी रीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बऱ्याच जाती एक लहान प्रथिन सोडतात. ते न्यूट्रोफिलावरील संकेतग्राहकावर जाऊन बसते. संकेत येतात, पण पेशीला ते कळत नाहीत. तरीही या जंतूच्या संसर्गात पूय होतोच, कारण वाटा अनेक असतात व सर्व अडविता येत नाहीत. जंतूचे बळ व शरीराचे बळ यांतील हा तोल आहे, हेही त्यातून कळते.

याच रीतीचे फार बोधप्रद उदाहरण डांग्या खोकल्याचे. बोर्देतेला पर्टुसिस हा जंतू बोर्दे व झांगू यांनी १९०६ साली वेगळा केला. त्याचे विष पेशीत शिरून संकेतग्राहकाचा निरोप आत पोहोचविणाऱ्या प्रथिनावर एक रासायनिक गाठ मारते. परिणामी लिंफोसाइट नावाचे श्वेतकण रक्तातून लसीकाग्रंथींत परतू शकत नाहीत आणि रक्तातच साठतात. संख्या ५०,००० च्या पुढे, कधी एक लाखापर्यंत जाते. बहुतेक जंतुसंसर्गांत न्यूट्रोफिल वाढतात, येथे लिंफोसाइट वाढतात. हे त्या विषाचेच बोट आहे. लहान अर्भकांत ही वाढ अतिशय झाली तर फुप्फुसांतील रक्ताभिसरण अडून मृत्यू ओढवतो. तीन महिन्यांखालील अर्भकात ठसकेदार आवाज बहुधा नसतोच. श्वास थांबणे व निळे पडणे हेच लक्षण असते. अशा बाळाला चाटण देऊन घरी पाठविणे म्हणजे धोका पत्करणे होय. राष्ट्रीय लसीकरणात ६, १० व १४ आठवड्यांस दिली जाणारी लस याच विषाविरुद्ध संरक्षण देते. तिच्याविषयी पालकांच्या मनात किंतु निर्माण करणारे शब्द आपल्या तोंडून जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्रच बंद पाडणे, ही तिसरी व सर्वांत थेट रीत. क्लॉस्ट्रिडियम कुळातील जंतू यात निष्णात. बॉट्युलिनम जंतूचे 'सी२' नावाचे विष थेट ॲक्टिनच्या कणांवर खूण करते, मग ते जुळून तंतू बनू शकत नाहीत. हे १९८६ साली जर्मनीत सिद्ध झाले. डिफिसिल या जंतूची दोन विषे वर सांगितलेल्या ऱ्हो, रॅक इत्यादी कळांवर ग्लुकोजचा रेणू चिकटवून त्या कायमच्या बंद करतात. याचा उलगडा १९९५ साली झाला. आतड्याच्या अस्तरातील पेशी तंतू गमावून गोल होतात, एकमेकींपासून सुटतात आणि भिंत गळू लागते. प्रतिजैविकांच्या मोठ्या क्रमानंतर, विशेषतः वृद्धांत व रुग्णालयातून आलेल्यांत होणारा तीव्र अतिसार पुष्कळदा या जंतूचा असतो. सामावस्थेत स्तंभन करू नये हा आपला नियम येथे तंतोतंत लागू पडतो. आधुनिक चिकित्साही अशा वेळी आतड्याची गती रोखणारी औषधे टाळावीत असेच सांगते. अतिसारी रोग्यास मागील दोन महिन्यांत कोणती प्रतिजैविके घेतली, हा प्रश्न विचारल्यावाचून कुटजघन लिहू नये.

वायुयुक्त कोथ, ज्यात मांसात बुडबुडे होऊन दाबल्यावर कुरकुर होते, तो याच कुळातील परफ्रिंजेन्स जंतूचा. यात मांसपेशींत न्यूट्रोफिल जवळजवळ नसतात आणि शेजारच्या वाहिन्यांत मात्र ते गर्दी करून अडकलेले आढळतात. जंतूच्या विषांनी त्यांना वाहिनीच्या भिंतीशी जखडून ठेवलेले असते. वाहिनी तुंबते, मांस मरते, मेलेल्या मांसात हा जंतू अधिकच वाढतो. काळपुळीतही, जी जनावरांपासून माणसांस होते, असेच काही दिसते. मेंढपाळाच्या किंवा कातडे हाताळणाऱ्याच्या हातावर काळी, न दुखणारी, भोवती मोठी सूज असलेली पुळी येते, तिच्यात पूय नसतो. तिचे एक विष पेशीच्या आतील निरोप्या प्रथिनाला कापते व न्यूट्रोफिलांची हालचाल मंदावते. न दुखणारी, पूय नसलेली, काळी पुळी साधी समजून कापू वा पिळू नये.

चौथी रीत चमत्कारिक आहे. लिस्टेरिया व शिगेला हे जंतू पेशीचे यंत्र बंद करीत नाहीत. ते ताब्यात घेतात. पेशीत शिरून तिचेच ॲक्टिन आपल्या पाठीमागे जुळवितात आणि धूमकेतूच्या शेपटीसारखा तंतूंचा झुपका करून त्याच्या धक्क्याने पुढे सरकतात, शेजारच्या पेशीत थेट घुसतात. लिस्टेरियाच्या बाबतीत हे दृश्य १९८९ साली टिल्नी व पोर्टनॉय यांनी दाखविले. पेशीबाहेर न येताच पसरत असल्याने रक्तातील प्रतिकारद्रव्ये त्यांना गाठू शकत नाहीत.

जंतूंवाचून थांबणारी गती

जंतूच पेशी थांबवितात असे नव्हे. मधुमेह्याच्या न्यूट्रोफिलांची संकेताकडे जाण्याची क्षमता कमी असते, हे १९७१ सालीच दाखविले गेले होते. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात प्रमेहाच्या उपेक्षेतून होणाऱ्या सात पिडका वर्णिल्या आहेत व प्रमेह्याच्या व्रणाकडे गांभीर्याने पाहण्याची आपली परंपरा आहे. तिला आता हे कारण जोडता येते: साखर वाढलेली असताना रक्षक उशिरा निघतात व हळू चालतात.

दुसरे कारण अधिक अप्रिय आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्या व्यवसायाशी आहे. स्टिरॉइड दिल्यावर रक्तातील न्यूट्रोफिलांची संख्या वाढते, पण ते वाहिनीच्या भिंतीला चिकटत नाहीत व बाहेर पडत नाहीत. सूज, लाली, वेदना सर्वच झाकले जाते. रोग्यास बरे वाटते आणि जंतूला मोकळे रान मिळते. आमच्या त्या रोग्याचा गुडघा दुखत असल्याने तो आठवडी बाजारातून 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्या काही महिने घेत होता. पहिल्याच दिवशी आराम पडला असे तो सांगे. ती पुडी आम्हांस तपासून घेता आली नाही, म्हणून तिच्याविषयी ठाम विधान करणार नाही. परंतु संधिवातावर एका दिवसात काम करणारे चूर्ण आपल्या शास्त्रात नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. अशा पुड्या बेनामी येतात, त्यांवर घटकद्रव्ये नसतात, परवाना क्रमांक नसतो. औषधालय चालविणाऱ्या बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे की, नफा कितीही असो, असा माल दुकानात ठेवू नये. रोग्याच्या पायाची दोन बोटे त्या नफ्याहून मोलाची आहेत.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. लांगली म्हणजे कळलावी हे उपविष आपण जाणतो. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. हे द्रव्य पेशीतील सूक्ष्मनलिका नावाच्या दुसऱ्या सांगाड्याची जुळणी मोडते, म्हणून न्यूट्रोफिलांची हालचाल मंदावते. वातरक्ताच्या तीव्र वेगात सांध्याकडे धावणारे न्यूट्रोफिलच दाह माजवितात, तेथे ही मंदगती गुणकारी ठरते आणि म्हणून कोल्चिसिन आधुनिक चिकित्सेतही वापरले जाते. मात्रा वाढली की तेच द्रव्य अतिसार, अस्थिमज्जेचा ऱ्हास व मृत्यू घडविते. म्हणून लांगलीचे शोधन काटेकोर हवे. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) अनुसूचीत तिचा समावेश असून, पोटात घ्यावयाच्या अशा कल्पांच्या वेष्टणावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ही सूचना केवळ कायद्यापुरती नाही, हे आता ध्यानात येईल.

कर्दम विसर्प

चरकांच्या चिकित्सास्थानात एकविसाव्या अध्यायात कर्दम विसर्पाचे वर्णन आहे. त्यात मांस चिखलासारखे होते, बोटाने दाबल्यास खाली जाते, गळून पडते, सिरा व स्नायू उघडे दिसतात आणि प्रेतासारखी दुर्गंधी येते. आमच्या रोग्याचा पाय शस्त्रकर्मानंतर पाहिला तेव्हा हेच शब्द आठवले. इतके नेमके वर्णन करणाऱ्या डोळ्यांपुढे नतमस्तक व्हावे.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. आपल्या मासिकांतून, परिसंवादांतून, आधुनिक शोध वाचला की तो ऋषींना पूर्वीच ठाऊक होता असे म्हणण्याचा मोह दिसतो. गती हे वाताचे कर्म. म्हणून ॲक्टिन म्हणजे वात, असे समीकरण मांडून टाळ्या मिळविता येतील, पण रोगी बरा होणार नाही. आचार्यांनी रोगाची मुद्रा पाहिली व ती अचूक नोंदविली. पेशीच्या आतील यंत्र त्यांनी पाहिले नव्हते व पाहिल्याचा दावाही केलेला नाही. दोन्ही ज्ञानांस आपापल्या जागी ठेवले तरच ती एकमेकांस साहाय्य करतात. आम्हांस मंदवेदना या एका शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला तो न्यूट्रोफिलांविषयी वाचल्यावरच. वेदनेचे कारण आत घडत आहे, पण पाक घडविणारे पोहोचलेले नाहीत, म्हणून वर काही दिसत नाही. हे कळल्यावर दिसण्यात व सांगण्यात विरोध असलेला शोथ आम्ही पुन्हा आम म्हणून सोडलेला नाही.

व्यवहारात काय करावे

या विवेचनाचा चिकित्सालयात उपयोग व्हावा म्हणून काही गोष्टी नोंदवितो.

पहिली, शोथ पाहण्याआधी वेदना ऐकावी. दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना फार असेल, तर ती आमावस्था नव्हे असे समजून चालावे.

दुसरी, सुजेची कड शाईने आखावी व वेळ लिहावी. एक-दोन तासांत ती रेषा ओलांडली गेली तर थांबू नये. सूज लालीच्या पलीकडे पसरली असेल, हात लावल्यास मांस लाकडासारखे घट्ट लागत असेल, तरीही थांबू नये.

तिसरी, जांभळट किंवा रक्तमिश्रित फोड, त्वचेचा बधिरपणा, दाबल्यावर कुरकुर, दुर्गंधयुक्त पातळ स्राव, यांपैकी एकही असेल तर लेप, उपनाह, जळू काही लावू नये. रोग्यास ताबडतोब शस्त्रकर्माची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. येथे चिकित्सेचा काळ तासांत मोजला जातो.

चौथी, नाडी द्रुत, रक्तदाब कमी, श्वास जलद, बोलणे असंबद्ध, मूत्र अल्प, ही लक्षणे असताना ज्वर नाही म्हणून निश्चिंत राहू नये. वृद्धांत, मधुमेह्यांत व स्टिरॉइड घेणाऱ्यांत ज्वर येतोच असे नाही.

पाचवी, प्रत्येक व्रणरोग्याची रक्तशर्करा तपासावी व तो कोणत्या पुड्या घेतो हे नाव घेऊन विचारावे. 'दुसरे काही औषध घेता का?' असे विचारल्यास रोगी नाही म्हणतो. 'गुडघ्यासाठी काही घेता का?' असे विचारल्यास पिशवीतून पुडी निघते.

सहावी, रोगी पाठविताना चिठ्ठीत आपण काय दिले, केव्हा दिले, कड कोठे होती हे लिहावे. यात कमीपणा नाही. आमच्या रोग्याचा पाय वाचविण्यात त्या शल्यचिकित्सकांचा वाटा मोठा. पण जखम भरून येण्याच्या काळात त्यांनीच त्याला आमच्याकडे पाठविले आणि जात्यादि तैलाने व पथ्याने उरलेला व्रण आम्ही भरून आणला. व्रणाच्या साठ उपक्रमांत छेदनही आहे आणि रोपणही आहे. कोणत्या क्षणी कोणाच्या हाती रोगी असावा, हे ओळखणे हाही चिकित्सेचाच भाग होय.

ते शेतकरी आजही ऊस संपला की भेटावयास येतात. लंगडत येतात, पण स्वतःच्या पायांनी येतात. त्यांना पाहिले की आम्हांस आमची ती दुपार आठवते आणि पुढच्या रोग्याची नाडी हातात घेण्यापूर्वी आम्ही विचारतो, "दुखतं किती?"

इत्यलम्.